दोन मुठी

उखा भोई हात टेबलावर ठेवतो, पालथा, मग उताणा.
मी दोऱ्याने मोजतो. करंगळीपासून तर्जनीपर्यंत
सव्वातीन इंच, आणि मधलं बोट
केळीच्या ट्रकच्या फाळक्यात सापडल्यापासून
वळत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेसाठी मी चाबकाच्या मुठी वळायचो.
चाबकाला काय, आवळून धरलं की झालं;
त्यातून निरोप फक्त पुढे जातो.
गळाच्या काठीचं उलटं.

म्हणून मूठ अखंड नको.
वर, रिळापाशी, बुचाच्या बारा चकत्या चिकटवून,
त्या एका बोटासाठी घळ कोरून.
खाली कोपराला टेकायला आखूड फोम.
मधे वीतभर काठी नुसती उघडी.

"तठे काहीच नही?" उखा विचारतो.
"इतला पैसामा?"

पहिली जाड झाली, दुपारपर्यंत त्याचा अंगठा सुन्न.
दुसरी बारीक, ती आता घरी झाऱ्याला आहे.
तिसरीला एकशेवीसचा कागद, मग चारशेचा,
मग माझाच तळवा, भुकटी नाकात जाईपर्यंत.

संध्याकाळी पुलाखाली
तापी बॅरेजला टेकून उभी.
उखाची दोन बोटं आपसूक
त्या उघड्या जागेवर जातात,
मी सांगितलं नव्हतं.

बराच वेळ काही नाही.
एक म्हैस पाणी पिऊन गेली.
मग त्याच्या भुवया हलतात.
"बोलस," तो म्हणतो, हळूच,
माझ्याकडे न बघता.

काठी अजून वाकलेली नाही.