एकोणीस टक्के

गाडी बोलत नाही, इथून सुरुवात.
गेटात कुत्र्याच्या शेपटीवरून चाक जाता जाता राहिलं
तेव्हा तळमजल्यावरचे हुजरे काका म्हणाले,
"मॅडम, निदान खाकरत तरी या."

मी विमा विकते. सव्वीस वर्षं.
बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं
ते लोकांना बोट ठेवून दाखवते.
आणि ही घेताना मात्र
ठळक अक्षरातले तीनशे बारा किलोमीटर वाचून
सही करून मोकळी झाले.

तीनशे बारा कुणाचे?
बहुतेक अशा माणसाचे, जो एकटाच निघतो,
सपाट रस्त्यानं, एसी बंद करून,
आणि ज्याला कुठं पोचायचंच नसतं.
माझे दोनशे दहा.
आजऱ्याला जाऊन यायचं तर पावणेदोनशे त्यातच गेले,
वर उत्तूरला आडबाजूचा एक हप्ता,
मडिलग्याला मयताचा दावा.
मयताच्या घरातून
टक्के बघून उठता येत नाही.

राजारामपुरीत आमचा तिसरा मजला.
गाडी खाली, मीटर वर,
मध्ये सेक्रेटरी.
खिडकीतून वायर सोडली
तर पहिल्या मजल्यावरच्या शिंत्रे वहिनींनी
तिच्यावर पापडाचं फडकं वाळत घातलं.
खाली पॉइंट मागितला, मीटिंग लागली.
"पेट घेतला तर जबाबदार कोण?"
हाच प्रश्न घरोघर विचारून मी पोट भरते,
त्यामुळे उत्तर सुचलं नाही.

उद्यमनगरात इलाही मिस्त्रीनं बॉनेट उघडलं.
आत झाकण. झाकणाखाली झाकण.
"ताई, नारिंगी वायरला हात लावायचा नाही,
घरचा हुकूम आहे."
कान लावून बसला थोडा वेळ, सवयीनं,
मग स्वतःच हसला.
माझ्या दिरांनी हायब्रीड घेतली, तीही त्याच्याकडंच येते.
तेल बदला, शिवाय बॅटरी जपा,
डिकीत तांदळाचं पोतं आडवं बसत नाही.
"दोन बायका, फजिती ऐका," म्हणाला.
मी हसले नाही. म्हण मात्र दिरांना कळवली.

पंचगंगेचं पाणी शिरोलीला हायवेवर आलं त्या वर्षी
सर्व्हिस सेंटर पलीकडं, मी अलीकडं,
आठ दिवस डॅशबोर्डवर एक पिवळं कासव.
कासव म्हणजे काय, ते पुस्तकात
पान एकशे चाळीसवर, बारीक अक्षरात.

वाचलं तेही लिहिते, नाहीतर अन्याय होईल:
महिन्याला साडेपाच हजार.
बॅटरी बदलायची झाली तर किती,
ते विचारलं नाही.
गिऱ्हाइकंही मला असंच विचारत नाहीत.

परवा रात्री, निपाणी सुटल्यावर,
ढाब्यावरच्या मशीनपुढं कुणाची तरी डिझेल जीप आडवी.
ती हलवली, तर मशीन म्हणालं, आधी ॲप अपडेट करा.
रेंज नाही. ना फोनला, ना मला.
एकोणीस टक्के. कोल्हापूर छत्तीस किलोमीटर.
कागदावर चार किलोमीटर उरतात.
चार किलोमीटरवर
मी स्वतः कुणाला पॉलिसी दिली नसती.

पुढं एक गुऱ्हाळ चालू दिसलं.
गुळव्यानं घाम पुसत मोटरीशेजारचा प्लग दाखवला,
"लावा की. पैशाचं काय ते बघू."
तासाभरात तीस झाले.
खुर्ची नव्हती, उलट्या घमेल्यावर बसले,
साडीला काकवीचा डाग, तो अजून निघाला नाही.
एक पोरगं गाडीभोवती तीन चकरा मारून
धुराची नळी शोधत होतं.

"रोज असंच हाय काय ह्येचं?"
"नाही हो, बहुतेक वेळा पोचते मी."
त्यानं काहिलीतला फेस झाऱ्यानं बाजूला केला.
"तुमच्या विम्याच्या कागदावर
असलं चालतंय व्हय, 'बहुतेक येळा'?"

पर्समधून कोरा फॉर्म अर्धा काढला होता,
तो परत आत सरकवला.
बत्तीस.