चौदा किलो सहाशे

टेबल दिसायला हवं, जुई म्हणाली.
मी म्हटलं, दिसतंय की,
हे काय, इथे कोपऱ्यात वीतभर लाकूड.

मग रविवारी बसलेच.
पंखा बंद, कारण कागद.
मुलुंडच्या उकाड्यात पदर खोचून
वरच्या थरापासून सुरुवात:
महावितरणची बिलं, भरलेली.
त्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, जो भांडीवालीला दिला
आणि तिनेही एव्हाना कुणाला देऊन टाकला असेल.
अठरा पेनं. चार चालली.
बाकीच्यांनी पाठकोऱ्या कागदावर
नुसते ओरखडे काढून दाखवले,
जोर लावून, हट्टी म्हाताऱ्यांसारखे.
दाढेचा एक्स-रे. दाढ केव्हाच गेली.
एक किल्ली. एक किल्ली. आणखी एक किल्ली.
कुलपं या घरात दोनच.

लग्नपत्रिकांपाशी अडले.
लग्नं लागली, एक मोडलंही,
पण वर गणपती आहे, तो फाडायचा कसा?
कात्री घेतली. एकवीस गणपती कापून
बिस्किटांच्या डब्यात ठेवले.
आई, याला आवरणं म्हणत नाहीत, जुई म्हणाली.

काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.
चारशे दहा चौरस फुटांत
काहीच जात नाही, फक्त सरकतं,
टेबलावरून पलंगाखाली, पलंगाखालून माळ्यावर,
आणि दिवाळी आली की माळ्यावरून
पुन्हा टेबलावर.
याच टेबलावर जेवलो, इस्त्र्या केल्या,
याच्याच खाली बसून दहावीच्या वर्षी
हीच जुई रडली होती, चार वाजेपर्यंत.
म्हणून ठरवलं, या वेळी थेट घराबाहेर.

नवघर रोडवरून हिरजीभाई आले, काटा घेऊन.
चौदा किलो सहाशे.
दोनशे चार रुपये, वर एक चॉकलेट, सुट्ट्यांऐवजी.
टेबल पुसलं, ओल्या फडक्याने, मग कोरड्याने.
लाकडाला रेषा होत्या. मला माहीतच नव्हत्या.
रात्री त्याच्यासमोर बसले, दोन्ही हात वर ठेवून,
मुलाखतीला आल्यासारखी.

मंगळवारी हिरजीभाई पुन्हा दारात.
उंबऱ्याबाहेरूनच एक लांबट पाकीट पुढे केलं.
"बेन, हे चुकून आलं.
सही केलेला कागद मी वजनात धरत नाही."
वजन तर झालं होतं, मी म्हटलं, याचे पैसे परत देते.
"एवढ्याशा कागदाला कसलं वजन," म्हणाले,
पाणी प्यायले, गेले.

चुकून नव्हतं आलं.
मीच सरकवलं होतं, रद्द झालेल्या पासबुकांच्या मधोमध,
कुणाला दिसू नये असं.

माननीय विभागीय व्यवस्थापक.
राजीनामा. फोर्टच्या त्या ऑफिसातल्याच
टाइपरायटरवर, लंच टाइममध्ये बडवलेला.
'वैयक्तिक कारणास्तव'.
सही आहे. तारखेची जागा रिकामी.
पुढे तेवीस वर्षं मी तिथेच
पॉलिसींचे नंबर जुळवले
आणि शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ घेऊन
वेळेवर निवृत्त झाले.

कारण काय होतं?
खूप आठवून पाहिलं.
कुणी काही बोललं होतं? की मलाच
कुठे जायचं होतं?
पाठारे मधल्या 'ठ'चा पोट कागद फाटेल इतका गोल,
खालची रेघ पार कडेपर्यंत.
एवढी ठाम सही मी नंतर
कर्जाच्या कागदांवरही केली नाही.

जुईला म्हटलं, जुनं बिल होतं.

आता रोज रात्री दहाला पाच मिनिटं.
पेनं पेल्यात, पत्रं फाइलीत,
चष्मा त्याच्या घरात.
जुई येता-जाता बघते आणि मान हलवते,
शाळेतल्या बाईंसारखी.
वरच्या खणात फक्त ते पाकीट.
खण ओढला की मोकळ्या जागेत
घसरत पुढे येतं, आपणहून.
शेजारी एक पेन ठेवलंय.
त्या चालणाऱ्या चारांतलं.