मूठ

ट्विलिंगेटला एप्रिलातही खाडीत बर्फ तरंगतो,
आणि अझारिया पार्डीच्या स्वयंपाकघरात
सकाळपासून वितळलेल्या गोंदाचा वास.

चायनीज पार्सलबरोबर आलेली एक काडी.
तिची जोडीदारीण खिडकीतल्या कुंडीत,
टोमॅटोच्या रोपाला टेकू देऊन उभी.
हिच्यावर तो ग्लू गनने धार सोडतो,
काडी बोटांत फिरवत, हळू,
वेल आपल्या मनाने चढावी तशी.
हात थरथरतो. तिथे गाठ येते.
राहू दे, म्हणतो, झाडाला कुठे सरळ रेषा येते?

चाळीस वर्षं मासे कापायच्या यंत्रांचा फिटर.
पट्टा घसरला, पातं अडलं, की
"अझ कुठंय? अझला बोलवा."
कारखान्याला कुलूप लागून आता बारा हिवाळे.
त्याच्या हातून जे गेलं ते चालू होऊनच गेलं.
ही पहिलीच वस्तू, जिला चालायचं नाही,
नुसतं दिसायचं आहे.
त्याचंच जरा टेन्शन.

कुंपणाला लावून उरलेला तपकिरी रंग.
तो वाळल्यावर, बोटाच्या टोकाने, चिमूटभर पितळी,
फक्त उंचवट्यांवर; खाचा काळ्याच.
टोकाला एकट्या उरलेल्या कानातल्याचा निळा मणी.
दुसरं हरवलं तेव्हा मिल्ड्रेडनं
अख्खा सोफा उलटा केला होता.
आणि धरायला?
त्यानं घरभर नजर फिरवली,
स्क्रूड्रायव्हर घेतला
आणि चमच्यांच्या खणाची मूठ काढली.

शेजारची केझाया, वय नऊ,
शाळेच्या नाटकात जादूगारीण.
संवाद एकही नाही. नुसता हात वर करायचा.
तिनं कांडी तोलली, उलटसुलट पाहिली,
फ्रिजवर रोखली.

घुरघुरणारा फ्रिज गप्प झाला.

तो दर वीस मिनिटांनी होतोच.
केझायानं वळून अझारियाकडे पाहिलं.
त्यानं तोंड उघडलं,
थर्मोस्टॅट, कॉम्प्रेसर, सगळं जिभेवर आलं,
आणि चहाच्या घोटाबरोबर त्यानं ते गिळलं.
"जपून," एवढंच म्हणाला,
"माणसांवर रोखू नकोस."

आता रोज सकाळी तो
सुरीचं टोक फटीत घालून खण उघडतो.
त्यासाठी एक सुरी बाहेरच ठेवावी लागते.
टपाल टाकायला येणारी ड्रुसिला म्हणते,
दुसरी मूठ लाव की,
दोन डॉलरला मिळते.

आहे की मूठ, म्हणतो अझारिया,
ड्यूटीवर गेलीय.