झाकली मूठ

नानांच्या डोळ्यावरचं भिंग तिसऱ्यांदा गळून पडलं
तेव्हा ते म्हणाले, उजवा लवतोय, लाभ आहे.
ठाकुरद्वारला जिन्याखाली दुकान,
तीन फूट बाय साडेचार.
लाभ आला तरी बसणार कुठे?

घड्याळजी भिंग हाताने धरत नाही.
भुवई आणि गाल यांच्या चिमटीत ते राहतं,
चाळीस वर्षं राहिलं.
आता आतून कुणी टिचकी मारावी तशी पापणी उडते
आणि भिंग बनियनमध्ये.

मी परळला लॅबमध्ये.
दिवसाला दोनशे नळ्या मशीनला लावते,
लाल झाकणं, जांभळी झाकणं,
कुणाच्या आत काय कमी, काय जास्त
ते छापून देते.
घरी आले की घरच्यासारखी वागते,
म्हणजे लक्ष देत नाही.

आईकडे प्रत्येकाला उत्तर होतं.
डोळा लवला? कुमुदआत्या येणार.
बोटांना मुंग्या? कुशीवर झोपलात.
पोटरीत वांब? चपला बदला.
भूक मेली ती उकाड्याने,
चिडचिड वयाने,
आणि तो बारीक स्क्रू चिमट्यातून निसटला, सारखा निसटला,
तो स्क्रूच्या खोडीने.
सगळी उत्तरं बरोबर वाटत होती.
तिथेच गोम होती.

मग एका रात्री तीनला
नाना खाटेची दांडी धरून उभे.
ओरडले नाहीत, भिंतीपलीकडे
देवरुखकरांचं बाळ नुकतं निजलं होतं.
मी पायाचा अंगठा वर ओढून धरला,
खोबरेल चोळलं. तळव्याखाली लिंबाएवढा गोळा
सुटेना. जणू त्याला कुणी
सुटायचं कसं ते सांगितलंच नव्हतं.

रक्त मीच काढलं, नळी मीच लावली.
आकडा पट्टीच्या आत, शेवटच्या पायरीवर,
पण आत. कागद म्हणाला, ठीक.
रक्त म्हणजे बाहेरची खोली.
पाहुण्यांसमोर कपबशा मांडायच्या म्हणून
मागे हाडांतून काय काय काढून आणलंय,
ते कागदाला कुठे दिसतं.

तीन आठवडे गेले. नानांनी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.
हात थरथरतो हे सांगितलं नाही,
पार्ट मिळत नाही म्हणाले.

डॉक्टर सिक्वेरांनी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू?
एकही नाही, नाना ताठ मानेने म्हणाले.
आई चष्मा शोधत होती, पिशवीतून पट्टी पडली,
चंदेरी, अर्धी रिकामी.
ही? ही पित्ताची हो. ही औषध नाही,
ही चहाआधीची.
किती दिवस?
आईने बोटं मोजली. सहा वर्षं.

बाईंनी प्रेशरचा पट्टा फुगवला आणि तसाच ठेवला.
मिनिट. दोन मिनिटं. पंखा वाजत होता.
नानांचं मनगट आपोआप वाकलं,
बोटं एकमेकांना चिकटली,
अंगठा आत शिरला. झाली मूठ.
झाकली मूठ सव्वा लाखाची, नाना हसायला गेले,
हसता आलं नाही.
पुन्हा तपासा, बाई म्हणाल्या, मॅग्नेशियम, कॅल्शियम दोन्ही.
या वेळी आकडे पट्टीच्या खाली होते.
छापताना माझं बटण चुकलं.

पित्ताची गोळी बदलली. सलाईन झालं, पावडर आली.
हे आता नाना गिऱ्हाइकांना सांगतात,
जरा वाढवून.
दुपारी भोपळ्याच्या बिया घेऊन बसतात,
एकेक सोलतात घड्याळाच्याच चिमट्याने,
सालं काचेच्या झाकणात.
भिंग राहतं. बहुतेक राहतं.

काल रात्रपाळीहून आले, चौथा चहा,
आणि माझाच डावा लवायला लागला.
असं दरवेळी काही असतंच असं नाही,
लोकांना मी हेच सांगते, झोपा म्हणते.
आई म्हणाली, बाईचा डावा शुभ.
नाना काही बोलले नाहीत.
भिंग डोळ्याला लावून
माझ्या पापणीकडे बघत बसले,
बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतात तसे,
कान जरा पुढे करून.