गळती

भुसावळात, जामनेर रोडला, केळीच्या क्रेटच्या गोदामावर
माझी खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात.
एका गादीवर अजून कुणाच्या तरी हळदीचं बोट आहे.

मे महिना. रेकॉर्डिंगला कूलर बंद ठेवावा लागतो.
हेमलता भंगाळे गिटार घेऊन डावीकडे,
तोताराम सपकाळे सॅक्सोफोन घेऊन उजवीकडे,
मध्ये एक चादर आडवी टांगलेली,
अंतरपाटासारखी.
म्हटलं, आवाज अडेल.
चादरीनं कधी काय अडलंय.

चाळीस वर्षं सपकाळे बँडात.
यावल, सावदा, फैजपूर, रावेर,
जनरेटरच्या धुराच्या तोंडाशी उभं राहून फुंकलं.
तिथं सूर चुकला तर ढोल झाकून घ्यायचा,
ढोल राहिला तर फटाके.
"हळू वाजवा, बाबा," पहिल्या टेकनंतर मी म्हणालो.
त्यांनी वाद्य मांडीवर आडवं ठेवलं.
"हळू म्हन्जे कसं? आजलोग कोनी सांगलंच नाही मले."

मग वाजवलं. हळू.
झोपलेल्या पोराला न ओलांडता
अंधारात वाट काढावी तसं.

आता रात्रीचे दोन. दोघं गेलेत, पडद्यावर राहिलेत:
वर तिच्या रेषा, माशाच्या काट्यासारख्या बारीक,
खाली त्यांचे लांबट फुगे.
गिटारचा तळ कापला, तिथं नुसती खोलीच घुमत होती.
सॅक्सोफोनची धार अडीच हजारापाशी जरा बोथट केली,
तेव्हा कुठं तिच्या नखाचा आवाज वर आला.
घामाचा थेंब गिटारच्या पोटावर पडलेला, टप्,
तो ठेवला. तालात होता.
तीन मिनिटं बाराव्या सेकंदाला मालगाडीचा भोंगा, पुसट.
यार्ड जवळ. त्याला काय सांगणार.

सपकाळेंचं एकच मागणं, चपला घालता घालता:
"दुसऱ्या कडव्यात सूर घसरला. तेवढा काढी टाक ना भो."

काढला. एक क्लिक. त्यांच्या ट्रॅकवर स्वच्छ पोकळी.
वाजवून पाहिलं,
सूर तिथंच.
तिच्या माइकमध्ये. चादरीपलीकडून झिरपलेला,
शेजारचं भांडण भिंतीतून यावं तसा:
शब्द लागत नाहीत, पण कोण चुकलं ते कळतं.

मग तिचाही तेवढा तुकडा कापायला घेतला,
मोठा करून ऐकला, आणि हात थांबला.
सूर घसरल्यावर पाव सेकंदात
तिनं एक बोट भलत्याच घरात सरकवलंय.
तार करकरते, ऐकू येते.
कुणी अचानक दारात यावं आणि
जेवत्या पंगतीनं सरकून बसावं,
तशी त्या चुकीला जागा केलीय तिनं.
चूक काढली की ती जागाच खुळी दिसते,
नवरदेव न आलेल्या बोहल्यासारखी.

तीन डेसिबल कमी केला. ठेवला.

तिसऱ्या दिवशी सपकाळे आले. हेडफोन टोपीवरूनच घातला.
"काढला का रे तो?"
"ऐका," मी म्हणालो, फेडरकडे बघत.

दुसऱ्या कडव्याशी त्यांचं एक बोट
मांडीवरची नसलेली कळ दाबून धरलेलं राहिलं,
सूर कधीचा पुढं निघून गेला तरी.
मग हेडफोन काढला, कानामागचा घाम पुसला.
"त्या पोरीले," म्हणाले, "कसं समजलं?"

मी कूलरच्या बटणाकडे हात नेला.
"राहू दे," म्हणाले. "अजून एक डाव लाव."