दोन बोटं मातीला

चाकावरच्या पत्र्याला त्यानं आतून खडू फासला,
पोरीच्या दप्तरातला, निळा.
"फिरवा, डॉक्टरबाई. डावीकडं. पार कुलूप लागंपर्यंत.
आता उजवीकडं."
टायरच्या खांद्यावर निळी रेघ उमटली.
"हितं खातंय," चाँदपाशा म्हणाला
आणि तिथं बोट ठेवून थांबला,
मी गाईच्या बरगडीवर थांबते तसा.

जिप्सी खात्याच्या लिलावातली.
जुन्या टायरांवर देवणीच्या पुढं
प्रत्येक पाणंदीत पोटावर बसायची.
म्हणून लातूरहून हे आणले,
आसापासून सव्वा इंच उंच, अंगानं आडवे,
आणि उदगीरच्या पहिल्याच वळणावर
खर्रर,
आत कुणी कोंडल्यासारखं.

"टायर आणलेत. जागा कुठं आणलीत?"

तीन दिवस नळेगाव रोडला माझी खुर्ची ठरलेली.
पाट्यांच्या शॅकल लांब केल्या,
गाडी उठली ती गुरं उठतात तशी,
आधी मागून.
आतली पत्र्याची शिवण हातोडीनं निजवली.
प्लास्टिकचं अस्तर कापून व्यंकटनं
त्याची चहाच्या ग्लासांना झाकणं केली.
स्टेअरिंगच्या टोकाचा बोल्ट चार आटे बाहेर आला.
"आता एका दमात वळणार न्हाई.
चौकात एकदा मागं घ्यावी लागंल. चालंल?"
म्हटलं, या गावात एका दमात वळलंय कोण.
"आन् काट्यावर भरोसा नक्को.
साठ दाखवला की सहासष्ट समजायचं."
ते मी डॅशबोर्डवर लिहिलं,
बैलांच्या कानातल्या बिल्ल्याच्या पेनानं, पुसणार नाही असं.

मग एक चाक विटांच्या थप्पीवर,
तिरपं पलीकडचं खड्ड्यात.
व्यंकट खाली बॅटरी घेऊन उताणा,
वर बंपरवर चौघं उड्या मारतायत,
मी कुलपापासून कुलपापर्यंत स्टेअरिंग फिरवतेय.
टायर काळेच राहिले. निळं कुठंच नाही.
मी पाकीट काढलं.

चाँदपाशानं टायर आणि पत्र्याच्या मध्ये हात घातला.
एक बोट सहज गेलं. दुसरं अडलं.
"वाळल्या रस्त्याला झालं हे.
पोळ्याच्या आधी या गाडीला बघा.
आपली काळी चाकाला धरती,
चाकासंगं फिरती, चाकाएवढी होती.
कंपनीनं तिचं माप धरलेलं न्हाई."
आणि कुणीच मागितली नव्हती ती दोन बोटं
तो दुपारभर ठोकत राहिला.
पैसे तेवढेच घेतले.

पोमा नाईक तांड्यावर झमकीबाईची गाय
संध्याकाळपासून अडलेली.
ट्रॅक्टर ओढ्याअलीकडंच थांबला होता.
वासराचा पुढचा पाय आत मुडपलेला,
माझ्या कोपराला हलायला जागा नव्हती.
ओढायचं नसतं अशा वेळी.
वासरू मागं ढकललं, गाईच्या कळेविरुद्ध,
तळहातात खूर झाकून घेतला,
मग पाय सरळ आला.
झमकीबाई कंदील धरून एवढंच म्हणाली,
"गाडी आली कशी?"

सकाळी मी गॅरेजला. कपड्यांना अजून वास.
"खाल्लं का?"
"एकदाच. येताना, ओढ्याच्या चढाला. डावीकडं."
तो छिन्नी घेऊन खाली शिरला.
ढेकूळ अख्खं निघालं, कौलासारखं वाकलेलं,
एका अंगाला टायरची नक्षी,
दुसऱ्या अंगाला त्याच्याच हातोडीचे ठोके,
सगळे, मोजता येतील असे.
त्यानं ते उजेडात धरलं,
कडेला बोटं लावली.
"अडीच," म्हणाला,
आणि हातोडी कुठं ठेवली ते
व्यंकटला विचारायला गेला.