दुसरी काचपट्टी

दाऊदभाई सोलकरांच्या दोन काचपट्ट्या.
पहिली कमरेवरच्या लाल चट्ट्याची,
तिला काही विचारावं लागत नाही.
दुसरी दंडाच्या आतल्या बाजूची,
जिथे ऊन पोचत नाही,
जिथे त्यांचं वय अजून तिशीतच थांबलंय.
फॉर्मवर डॉक्टरांचं अक्षर : वरून निरोगी.

घेतात असा तुकडा, ताडून पाहायला.
तांदळाच्या दाण्याएवढा.
मेणात बसवला, पापुद्रा काढला,
कोमट पाण्यावर सोडला, जांभळ्या-गुलाबीत बुडवला,
सगळं आज माझ्याच हाताने.
अनघा रजेवर आहे, मिऱ्याला भावाचा साखरपुडा.

छोट्या भिंगाखाली सगळं जागच्या जागी.
वरचा थर शाबूत,
घामाची ग्रंथी, केसाचं एक मूळ,
रक्तवाहिनीपाशी चार-पाच पेशी घुटमळताना.
असतात. कुणाच्याही असतात.
माझ्याही असतील, काल डास चावला तिथे.

मग चाळीसचं भिंग.
तळाच्या ओळीत एक पेशी,
भोवती थोडी पांढरी पोकळी.
पुढे दुसरी.
जरा थांबून तिसरी.
जेटीवर लाँचची वाट बघणाऱ्या माणसांसारख्या,
सामान खाली न ठेवता.
केंद्रकाला घड्या,
ओलं जायफळ मधोमध कापलं की दिसतात तशा.

असेल.
किंवा रंग जास्त चढला असेल.
मी खिडकी उघडते, खाडीकडून सुक्या बांगड्यांचा वास येतो,
परत बसते, परत मोजते.
तीनच.

ते आले होते ना परवा, दंडाला पट्टी,
टाके ओले करू नका सांगितलं तर म्हणाले,
मी भाट्याच्या पाण्यात जन्म काढला, मॅडम,
कोरडा राहू कसा?
आणि मग, चट्टा इथे असताना
चांगल्या जागेला का कापलंत?

मी काहीतरी सांगितलं.
त्यांनीच मान हलवली, कारागिराने कारागिराला हलवावी तशी.
होडी वर ओढली की आम्ही रंग बघत नाही, म्हणाले,
हातोडीच्या दांड्याने ठोकत जातो.
खाऱ्या पाण्यातल्या किड्याचं दार टाचणीएवढं
आणि आत लाकडात बोट जाईल अशी वाट.
ऐनाची फळी, वरून नवरीसारखी,
ठोकली की बद्द बोलते.

मग काढता ती फळी?

ते हसले.
बद्द बोलली ती प्रत्येक काढली
तर होडी कुठे राहिली?
काहींवर नुसती खडूने खूण करतो
आणि पुढल्या सालाला पहिली तीच ठोकतो.

पुस्तकात दोन मतं आहेत, दोन्ही छापील.
साडेसहा वाजले. रिपोर्ट न्यायला सून बसली आहे बाहेर,
मांडीवर हेल्मेट, फोनवर हळू आवाजात
सासूला सांगतेय की तेल चट्ट्याला नको,
बाकी अंगाला लावा, बाकी अंग छान आहे.

मी टाइप करते :
दुसरा तुकडा. मोजक्या पेशी तळाच्या थरात.
अर्थ निश्चित सांगता येत नाही.
सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.
वरून निरोगी हे शब्द
खोडत नाही, पुन्हा लिहीतही नाही.

काचपट्टी पेटीत ठेवण्याआधी, कोणी बघत नाही असं पाहून,
पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिला एकदा ठोकते.

काचेचाच आवाज येतो.